सोमवारची मुलाखत

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून कळंब्याला जाणाऱ्या बसमध्ये एक विनोद होता आणि तो त्या बसइतकाच जुना होता. मिरजकर तिकटीला गाडी भरली की कंडक्टर आकाराम तिकिटं फाडत मागं सरकायचा. कुणीतरी गावाकडचा माणूस पिशवी सांभाळत म्हणायचा, "एक जेल द्या." की मागच्या बाकावरून कृष्णात हमखास विचारायचा, "पावणं, किती वर्सांची?"

रोजची माणसं हसायची. कृष्णात एका वर्कशॉपात लेथवर होता, माणूस वाईट नव्हता, पण बिचाऱ्याकडं एवढा एकच विनोद होता. आणि त्यात थांब्याचा तरी काय दोष? कळंबा गावाच्या अलीकडं जेल, म्हणून थांब्याचं नाव जेल. आकाराम दिवसभर "जेल, जेल, जेलवाले उतरा" म्हणून ओरडायचा आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

विद्याश्री या गाडीनं बरीच वर्षं जात होती. कळंब्यात गणपतरावांचा पेंडीचा कारखाना होता, तिथं ती बिलं करायची आणि गल्ला सांभाळायची. कृष्णातचा विनोद सुरू झाला की पूर्वी ती खिडकीबाहेर बघायची. तेच तेच ऐकून माणूस किती हसणार? पण त्या वर्षी माघ महिन्यापासून ती हसायला लागली. सगळ्यांच्या आधी हसायची, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. कारण माघातच तिच्या नवऱ्याला त्या जेलात आणून घातलं होतं.

मृत्युंजय उद्यमनगरात एका गॅरेजात मेकॅनिक होता. हाताला गुण होता आणि डोक्यात राख. शेजारच्या गॅरेजातल्या माणसाशी जागेवरून बोलाचाली झाली, शिव्या झाल्या, आणि यानं हातातली टॉमी, चाकं खोलायची लोखंडी दांडी, त्याच्या डोक्यात घातली. तो माणूस जगला, पण अजून त्याला धड बोलता येत नाही, बायको त्याला भरवते. मृत्युंजयनं मारलंय हे विद्याश्री नाकारत नव्हती. त्या बाईची आठवण झाली की घास खाली उतरायचा नाही, आणि सगळा राग नवऱ्यावरच यायचा. पण राग आला म्हणून नवरा काही टाकून देता येत नाही, निदान तिला तरी येत नव्हता. दोनदा जामीन फेटाळला. तेव्हापासून तो कच्चा कैदी म्हणून आत होता आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या भिंतीवरून बसनं जात होती.

पेठेत शेजारीपाजारी सांगितलं होतं की तो हुबळीला मावसभावाच्या गॅरेजात गेलाय. आता एकदा हुबळी म्हटलं की हुबळीत पाऊस झाला का, तिथलं पाणी मानवतं का, फोन कधी येतो, हे सगळंही सांगावं लागतं. ते काम सासूकडं होतं. सासूचं नाव रुद्राणी, विद्याश्री तिला घरच्या रीतीनं अत्ती म्हणायची. अत्ती कट्ट्यावर बसून मुलाच्या हुबळीचं असं वर्णन करायची की ऐकणाऱ्याला तिथं जावंसं वाटावं. जेलच्या दारात मात्र ती एकदाही गेली नाही. "त्या दारात मी पाय ठेवणार नाही," म्हणायची, आणि दर रविवारी शेंगाची चटणी कुटून पुडी बांधून द्यायची. ती पुडी आत घेत नाहीत हे तिला दहा वेळा सांगून झालं होतं.

भेट आठवड्यातून एकदा मिळायची. त्या भेटीला जेलात मुलाखत म्हणतात. मृत्युंजयचा वार सोमवार. त्या दिवशी विद्याश्री लवकरची गाडी पकडायची, तीही जेलला न उतरता पुढं कळंब्याला उतरायची, आणि डोक्यावरून पदर घेऊन तेवढी वाट चालत मागं यायची. ऑफिसात सांगितलं होतं, सोमवारचं महादेवाला जाते, थोडा उशीर होईल. घर लिंगायताचं, वार महादेवाचा, गणपतरावांनी मान डोलावली होती. "देवाधर्माचं हाय म्हनल्यावर आमी कोन अडवनार?"

त्यांना खरं सांगायची सोय नव्हती. कारखाना जेलपासून जवळ, त्यामुळं सुटलेली माणसं कधीकधी दारात येऊन काम मागायची. गणपतराव त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे आणि मग आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "जेलच्या शेजारी धंदा करतो म्हनून जेलचं मानूस दारात नको." एकदा एका हमालाचा भाऊ आत आहे असं कळलं, तर त्या हमालाला त्यांनी पगार देऊन घरी पाठवलं. आणि विद्याश्री तर गल्ल्यावर बसत होती. घरात आता तिचाच पगार येत होता. ती नोकरी गेली असती तर अत्तीच्या शेंगासुद्धा बंद झाल्या असत्या.

जेलच्या रांगेत तिची अंबूबाईशी ओळख झाली. अंबूबाई शिरोळकडची, चांगल्या बागायती घरातली, मुलगा आत. तिचा आवाज असा की रांगेच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला तिच्या घरची सगळी माहिती व्हावी. विद्याश्रीनं तिला एकदा हळूच सांगितलं होतं, "मावशी, बसमध्ये भेटलात तर जेलचं नाव काढू नका. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"न्हाय काढत की," अंबूबाई म्हणाली होती. "माझी काय जीभ सैल हाय व्हय?"

आणि तिनं शब्द पाळला, हेच तर सगळ्या कहाणीचं दुखणं आहे.

झालं असं की एका गुरुवारी अंबूबाई कोर्टाच्या कामाला कोल्हापुरात आली आणि वाटेतल्या संभाजीनगर थांब्याजवळ भाचीकडं जायला नेमक्या त्याच गाडीत चढली. विद्याश्रीच्या पुढच्या बाकावर अनुजा बसली होती. अनुजा कारखान्यात वजनाच्या पावत्या करायची. नवीन लग्न झालेली, कानांनी तीक्ष्ण आणि पोटात काही न राहणारी. अंबूबाईनं विद्याश्रीला बघितलं, शेजारी बसली आणि गाडीच्या इंजिनावर आवाज चढवून म्हणाली,

"सोमवारी मुलाखतीला लवकर ये गं पोरी. मी नंबर धरून ठेवतो तुझा. मागल्या बारीला उशिरा आलीस आनि दोन शब्द बोलायच्या आत भाईर काढलं तुला."

विद्याश्रीनं अंबूबाईचा हात दाबला. अंबूबाईला वाटलं पोरगी घाबरलीय, म्हणून ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "भ्यायचं न्हाय. सगळ्यास्नीच आसं हुतंय. मुलाखत म्हंजे काय वाघ हाय व्हय?" आणि संभाजीनगर आल्यावर उतरून गेली. जेलचं नाव तिनं काढलं नव्हतं.

अनुजा सावकाश मागं वळली. तिचे डोळे चमकत होते. "ताई, मुलाखत देताय? कुठं? दूध संघात काय?"

विद्याश्रीला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, आणि छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. जेलच्या दारातली मुलाखत या पोरीला माहीतच नव्हती. तिच्या लेखी मुलाखत म्हणजे टेबलापलीकडं बसलेले साहेब आणि हातातली सर्टिफिकिटं. देवानंच हा शब्द असा दुतोंडी केला असावा असं विद्याश्रीला वाटलं.

"बघतेय," ती म्हणाली. "अजून काही नक्की नाही. कुणाला बोलू नको."

आता अनुजाला 'कुणाला बोलू नको' म्हणणं म्हणजे काय ते कारखान्यातल्या हमालांनाही ठाऊक होतं. पण त्या क्षणी विद्याश्रीला एवढंच दिसत होतं की आपण वाचलो.

शुक्रवारी संध्याकाळी वकिलांनी निरोप धाडला. मृत्युंजयला बुधवारी पुण्याच्या जेलात हलवणार होते. म्हणजे येता सोमवार शेवटचा. पुण्याला जायचं तर दोन दिवस मोडणार, भाडं, राहणं, आणि रजा कोण देणार? पुन्हा कधी भेट होईल ते सांगता येत नव्हतं. ती रात्रभर कूस बदलत राहिली, आणि शनिवारी गणपतरावांकडं सोमवारची सबंध सकाळ मागायचीच असं ठरवून गेली.

तिनं तोंड उघडायच्या आधीच त्यांनी तिला आत बोलावलं. ते खुर्चीत बसलेले नव्हते, उभे होते. राग आला की त्यांना बसवत नसे.

"बाई, दर सोमवारी कुठं जातासा?"

"महादेवाला."

"महादेव आता मुलाखती घ्याया लागला काय?"

बाहेर अनुजा पावत्यांचं पुस्तक उघडून त्यात डोकं खुपसून बसली होती.

"दुसरीकडं नोकरी बघायची तर बघा," गणपतराव म्हणाले. "मानसानं पुढं जावं. मी न्हाय म्हननार न्हाय. पन देवाचं नाव सांगून? मी तुमच्या हातात गल्ला दिला, बाई. घरच्या मानसाला देत न्हाय." त्यांचा आवाज जड झाला होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "सोमवारी दार उघडताना खुर्चीत दिसा. न्हाय दिसलासा तर पाचगावची एक बाई बघून ठेवलीय, तिला बसवनार."

एका वाक्याचं काम होतं. साहेब, ती मुलाखत नोकरीची नव्हे. पण पुढचं वाक्य लगेच आलं असतं, मग कसली? आणि त्या वाक्यालाही शेवट तोच होता, पाचगावची बाई. खोटं ठेवलं तर नोकरी जाणार आणि खरं बोललं तरी जाणार. सोमवारी खुर्चीत जाऊन बसणं, एवढीच एक वाट उरली होती. तिला स्वतःची चीड आली, अनुजाची आली, अंबूबाईची आली, आणि सगळ्यांत जास्त त्या टॉमीची आली.

घरी तिनं अत्तीला सगळं सांगितलं. अत्ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, पण वर बघितलं नाही.

"नोकरीवर जा," ती म्हणाली. "त्याला तिथं दोन वेळचं मिळतंय. आपल्याला कोण देणार?"

"अत्ती, पुण्याला नेणार आहेत त्यांना."

"ऐकलं मी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माझ्या पोटचा आहे तो, विद्या. तरी सांगतेय. नोकरीवर जा."

रविवारी अत्तीनं शेंगा कुटल्या. पुडी मात्र बांधली नाही, चटणी तशीच वाटीत राहिली.

सोमवारी विद्याश्री रोजच्याच गाडीत बसली. अत्तीनं सांगितलेलं बरोबर होतं, रात्रभर विचार करून तिला ते पटलंही होतं. तिनं रोजच्यासारखं कळंब्याचं तिकीट काढलं. अनुजा पुढच्या बाकावर होती, पण आज वळून बघत नव्हती. मिरजकर तिकटीला गर्दी झाली. एका म्हाताऱ्यानं "जेल एक" म्हटलं, कृष्णातनं विचारलं, "किती वर्सांची?" आणि माणसं हसली. विद्याश्रीही सवयीनं हसली. हसल्यावर तिला स्वतःची किळस आली.

संभाजीनगर गेलं. मग ती उंच दगडी भिंत सुरू झाली. रोज ही भिंत आली की ती पर्समध्ये काहीतरी शोधायची. आज तिनं शोधलं नाही. गाडी थांब्यावर उभी राहिली, आकाराम ओरडला, "जेल, जेलवाले उतरा," आणि तिला खिडकीतून रांग दिसली. रांगेत अंबूबाई होती. तिनं आपल्या पुढं जमिनीवर एक पिशवी ठेवली होती आणि मागच्या माणसाशी हुज्जत घालत होती. ती पिशवी म्हणजे विद्याश्रीचा नंबर.

आत तो नाव पुकारायची वाट बघत असेल. नाव पुकारलंच नाही तर तो काय समजेल? आजारी समजेल, की आपल्याला टाकलं असं समजेल? बुधवारी गाडीत बसेपर्यंत तो तेच समजत राहील. आणि पुण्यातही.

म्हातारा उतरला. आकारामनं घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांबा," विद्याश्री म्हणाली. "उतरायचंय."

"बाई, जेल हाय ह्यो," आकाराम म्हणाला. "तुमचं म्होरं."

"माहीत आहे. जेललाच उतरायचंय."

ती उठली आणि गर्दीतून दाराकडं सरकायला लागली. मागून कृष्णातचा आवाज आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तोंडाला वळण पडलं होतं, एवढंच.

"मॅडम, किती वर्सांची?"

चारदोन माणसं हसली. विद्याश्री दारात थांबली आणि वळली.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "केस चालू आहे. माझा नवरा आत आहे."

हसू जिथल्या तिथं थांबलं. अनुजा उठून उभी राहिली होती. "ताई," ती म्हणाली, "म्हणजे ती मुलाखत…"

"हीच," विद्याश्री म्हणाली आणि उतरली.

जाळीच्या पलीकडं मृत्युंजय वाळलेला दिसत होता. दाढी वाढली होती. दोन्ही बाजूंनी माणसं एकदम बोलत असल्यामुळं ओरडून बोलावं लागत होतं. त्यानं पुण्याचं विचारलं नाही, आईचं विचारलं. मग म्हणाला, "आज उशीर झाला तुला. सांगून आलीस ऑफिसात?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"मुलाखत आहे म्हणून."

तो हसला. माघापासून पहिल्यांदा हसला. तिलाही हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही आवरेपर्यंत वेळ संपली. शिपायानं त्याच्या खांद्याला हात लावला. जाता जाता तो ओरडला, "नोकरी सोडू नको, विद्या. तेवढी धरून ठेव."

"धरलीय," ती ओरडून म्हणाली.

ती कारखान्यात पोचली तेव्हा तिच्या खुर्चीत पाचगावची बाई बसली होती. खुर्चीवरची उशी विद्याश्रीनं घरून आणलेली होती. गणपतराव दारातच उभे होते. अनुजानं सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ते रागावलेले नव्हते आणि तिच्याकडं बघतही नव्हते.

"झाली मुलाखत?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"आधी सांगायचं हुतं, बाई."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

गणपतराव वजनकाट्याकडं बघत राहिले. काट्यावर काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, "गल्ल्याचं काम हाय. गिऱ्हाईक बोलतंय. मला तरी काय…" आणि वाक्य पुरं न करता आत गेले. राहिलेला पगार त्यांनी अनुजाच्या हातानं पाठवला. अनुजा रडत होती. विद्याश्रीला तिची समजूत घालायला हवी होती, पण तेवढं मन मोठं करणं त्या दिवशी तिला जमलं नाही. तिनं डबा आणि छत्री घेतली. उशी तशीच राहू दिली.

परतीच्या गाडीत आकारामच होता. त्यानं तिला तिकीट दिलं. जेलचा थांबा आला तेव्हा तो ओरडला नाही. नुसती दोरी ओढली. त्याला तेवढंच सुचलं.

अंबूबाई चढली. सगळ्या गाडीवरून नजर फिरवून ती विद्याश्रीजवळ आली आणि धपकन बसली. तिला आज सगळ्यांसमोर बोलायची मोकळीक आहे हे माहीत नव्हतं, म्हणून ती तिच्या मानानं हळू बोलली. तरी तीन बाकांपर्यंत ऐकू गेलं.

"भेटला न्हवं? ब्येस झालं. आता तुझा सोमवार सुटला गं. पुन्याला काय दर आठवड्याला जातीस?"

"नाही जमणार, मावशी."

"मग आता मुलाखत कवा?"

विद्याश्री खिडकीतून बाहेर बघत होती. भिंत मागं सरकत होती. मांडीवर डबा होता, सकाळचा, अजून न उघडलेला.

"उद्यापासून," ती म्हणाली. "रोज. मिळेपर्यंत."

अंबूबाईनं तिच्याकडं चमकून बघितलं. पोरीला ऊन लागलंय की काय असं तिला वाटलं असावं.

"येडी का काय," ती म्हणाली. "रोज कोन घेतंय तुला आत?"